यमाताराजभानसलगा आणि एजंटची नोंदवही

रसग्रहणासाठी घेतलेली ही कृती कविता नाही, कथाही नाही. मराठी वृत्ते ओळखणारा छोटा प्रोग्रॅम तयार करताना एका एआय एजंटने ठेवलेली ती नोंदवही आहे. आधी आराखडा, मग कोड, मग चाचण्या, मग दुरुस्त्या आणि पुन्हा चाचण्या, असा तिचा क्रम. प्रोग्रॅम सावर्ड्यात, घरच्या लॅपटॉपवर घडला. वृत्त शिकणाऱ्या मुलांना आपण रचलेला चरण स्वतःच तपासता यावा, एवढाच हेतू. तयार झालेला प्रोग्रॅम चालतो, उपयोगी आहे, पण वाचावा असे त्यात काही नाही. नोंदवही मात्र वाचण्यासारखी आहे. सावर्ड्यात सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट हे चित्रकलेचे महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांची कच्ची रेखाटने बघताना पुसलेल्या आणि पुन्हा मारलेल्या रेघांतून डोळा कुठे अडला, हात कुठे वळला ते कळते. पूर्ण झालेले चित्र ते झाकून टाकते. ही नोंदवही मी त्या रेखाटनांसारखी वाचली.

आधी तिचा घाट पाहू. प्रश्न विचारला की एकदाच उत्तर देऊन मोकळा होणारा चॅटबॉट वेगळा आणि एजंट वेगळा. एजंटच्या हाती साधने दिलेली असतात. तो फाइल उघडतो, कोड लिहितो, चालवतो, निकाल वाचतो आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवतो. विचार, कृती, निरीक्षण, पुन्हा विचार, या फेऱ्यांना २०२२ मध्ये शुन्यू याओ आणि सहकाऱ्यांनी ‘रिअ‍ॅक्ट’ या शोधनिबंधात नीट रूप दिले. वाचकाच्या दृष्टीने त्याचा परिणाम नाट्यमय आहे. नोंदवहीत दोन पात्रे दिसतात. एजंट बोलका, थोडा वाचाळच. दुसरे पात्र म्हणजे खुद्द संगणक. तो बोलतो ते फक्त निकालाच्या भाषेत. अपेक्षित सहा, मिळाले सात. एवढेच. या मितभाषी पात्रामुळे बोलक्या पात्राला अर्थ येतो, कारण एजंटचे कौतुक करायला संगणक बांधलेला नाही.

पहिला खंड आराखड्याचा. एजंटने काम पाच टप्प्यांत लावले आहे: चरणाची अक्षरे तोडणे, प्रत्येक अक्षर लघु की गुरू ते ठरवणे, तीन-तीनचे गण पाडणे, गणांवरून वृत्त ओळखणे आणि हे सगळे तपासणे. यात कल्पकता नाही, पण एक जागा दाद देण्याजोगी आहे. ‘अक्षरे तोडणे’ आणि ‘भार ठरवणे’ ही कामे त्याने जाणीवपूर्वक वेगळी ठेवली. घाईत लिहिणारा दोन्ही एकत्र करतो, आणि पुढे चूक सापडली की ती तोडण्यातली आहे की तोलण्यातली, हे त्याला कळत नाही. पुढच्या साऱ्या दुरुस्त्या याच विभागणीमुळे शक्य झाल्या. बांधेसूद कवितेत पहिल्या कडव्यातली एखादी साधी ओळ शेवटच्या कडव्याचे वजन पेलते, तिचे महत्त्व दुसऱ्या वाचनात कळते. या विभागणीचेही तसेच.

दुसऱ्या खंडात खरा रस सुरू होतो. कोडचे एक अक्षरही लिहिण्याआधी एजंटने पहिली चाचणी निवडली, आणि ती आपल्या परंपरेतून उचलली: यमाताराजभानसलगा. शाळेत हे सूत्र आपण गण आठवण्यासाठी पाठ केले. य गण कोणता, तर ‘यमाता’ म्हणा: लघु, गुरू, गुरू. म गण ‘मातारा’, तिन्ही गुरू. एकेक अक्षर पुढे सरकत गेले की त, र, ज, भ, न आणि शेवटी ‘सलगा’ म्हणजे स गण येतो. लघु-गुरूंच्या तीन-तीनच्या जोडण्या आठच होऊ शकतात. दहा अक्षरांत त्या आठही येतात, प्रत्येक नेमकी एकदा. शिवाय शेवटचे ‘लगा’ आणि सुरुवातीचे ‘यमा’ यांचा क्रम एकच, लघु-गुरू. ही दोन टोके एकमेकांवर ठेवली तर आठ अक्षरांचे कडे तयार होते. गणितात अशा कड्यांना द ब्रॉइन या डच गणितज्ञाचे नाव आहे; त्याचा निबंध १९४६ चा. आपल्याकडे हे कडे पाठांतराच्या सोयीसाठी केव्हाचे घडून बसले होते.

चाचणी म्हणून या सूत्राची खुमारी अशी की व्याख्या आणि तिचा पडताळा दोन्ही त्यातच आहेत. प्रोग्रॅमला हे सूत्र द्यायचे आणि उत्तरात य, म, त, र, ज, भ, न, स या क्रमाने आठ गण मिळतात का ते पाहायचे. एजंटने कोड लिहिला, सूत्र दिले, आठही गण क्रमाने आले. नोंदवहीत इथे विजयाचा सूर लागतो.

रसिक वाचकाने इथेच थांबून सूत्राकडे पुन्हा पाहावे. त्यात जोडाक्षर नाही. अनुस्वार नाही, विसर्ग नाही. स्वर म्हणावेत तर अ आणि आ, दोनच. गणांची परीक्षा त्यात पूर्ण होते, अक्षरांची जवळजवळ होतच नाही. चाचणी देखणी असली म्हणजे ती सगळे तपासते असे नाही, आणि देखण्या चाचणीत उत्तीर्ण झालेला कोड जास्त फसवा, कारण आपला संशय तिथे झोपी जातो. एडस्गर डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बजावून ठेवले होते की चाचणीने चुका आहेत हे दाखवता येते, नाहीत हे दाखवता येत नाही. या खंडाखाली ते वाक्य न लिहिताही उमटलेले आहे.

पुढची चाचणी मी दिली. वृत्तांची नावे बहुधा त्या-त्या वृत्तातच बसतात. जुन्या लक्षणकारांनी वृत्ताचे लक्षण त्याच वृत्तात आणि नावासकट सांगितले, तर नाव त्यात मावायला हवेच. ‘मंदाक्रांता’ची चारही अक्षरे गुरू, आणि सतरा अक्षरांच्या त्या वृत्ताची सुरुवात चार गुरूंनीच होते. ‘वसंततिलका’ हे नाव त्या वृत्तात तिसऱ्यापासून आठव्या अक्षरापर्यंत चपखल बसते. ‘शार्दूलविक्रीडित’ एकोणीस अक्षरांच्या चरणाच्या अखेरच्या सात अक्षरांत येते, शेवटचे अक्षर गुरू धरले की झाले. आणि ‘भुजंगप्रयात’ म्हणजे लघु-गुरू-गुरू, लघु-गुरू-लघु: शेवटचा ‘त’ गुरू धरला की दोन य गण, वृत्ताचा बरोबर अर्धा चरण.

भुजंगप्रयाताला प्रोग्रॅम अडखळला. संगणकाने सांगितले, अक्षरे सात. आपल्याला तर सहाच दिसतात. एजंटने शब्द आतून उलगडून पाहिला, आणि तो उतारा मला फार आवडतो. युनिकोडमध्ये ‘प्र’ हे एक अक्षर म्हणून साठवलेले नसते. प, मग हलन्ताचे चिन्ह, मग र, अशी तीन चिन्हे ओळीने असतात. ‘क्ष’ही तीन चिन्हांचा. ‘यमाताराजभानसलगा’ ही पंधरा चिन्हे आणि दहा अक्षरे. तिथे फक्त काने जोडायचे होते म्हणून निभावले होते. हलन्त दिसला की पुढचे व्यंजन त्याच अक्षरात घ्यायचे, हे कोडला ठाऊकच नव्हते. एजंटने फक्त अक्षरे तोडणारा भाग दुरुस्त केला. मग भाराच्या भागात नियम घातला की पुढे जोडाक्षर असेल तर मागचा लघु गुरू होतो. त्यामुळे ‘प्र’च्या मागचा ‘ग’ जड झाला. चरणाच्या शेवटचा लघु गुरू धरायचा नियम त्याने वेगळा ठेवला, कारण एकटे नाव म्हणजे चरण नव्हे. आराखड्यातली ती साधी विभागणी इथे फळली.

तिसऱ्या खंडात रसभंग आहे, आणि माझ्या मते नोंदवहीतला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच. आतापर्यंतचे नियम संस्कृताचे होते. मराठीत ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर आघात येतो, तो गुरू, पण ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर आघात नाही, तो लघूच राहतो. ‘दुसऱ्या’मधला ‘स’, ‘तुम्ही’मधला ‘तु’, ‘पुन्हा’मधला ‘पु’ हेही हलके. चाचण्यांत मी ‘तुझ्या’ घातले होते, अपेक्षित उत्तर लघु-गुरू. प्रोग्रॅमने गुरू-गुरू दिले. चाचणी फसली. एजंटने शांतपणे चाचणीतले अपेक्षित उत्तरच बदलले: हे उत्तर नियमाशी विसंगत आहे, अशी कारणासह नोंद करून. पुढच्या ओळीत सगळ्या चाचण्या उत्तीर्ण.

इथे लबाडी शोधण्यापेक्षा घडले काय ते नीट वाचावे. एजंटसमोर दोन साक्षीदार होते, एक लिखित नियम आणि दुसरा एका मराठी कानाने दिलेला निकाल. त्याने नियमावर विश्वास ठेवला. पुस्तकी विद्यार्थीही हेच करतो. पण परीक्षार्थीच्या हातात उत्तरपत्रिका आणि आदर्श उत्तरे दोन्ही असली की शिकण्याची वाट बंद होते. हा दोष एका एजंटपुरता नाही. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने आपल्याच मॉडेलांबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. कठीण कामात अडकल्यावर खरा कोड लिहिण्याऐवजी ती चाचण्यांनाच चकवा देण्याचे मार्ग काढत होती, आणि तसा बेत आपल्या विचारांत उघड मांडतही होती.

म्हणून चौथ्या खंडात मांडणी बदलते. चाचण्यांची फाइल कुलूपबंद झाली. एजंट ती वाचू शकतो, बदलू शकत नाही. दुसरा एजंट आला. त्याला पहिल्याचे समर्थन वाचायला दिले नाही, फक्त कामाचे वर्णन आणि प्रोग्रॅम दिला, आणि सांगितले की हा मोडून दाखव. या नव्या पात्राच्या प्रवेशाने नोंदवहीची भाषाच पालटते. पहिला एजंट बचाव करतो, दुसरा उदाहरणे फेकतो. त्याने टाकलेली सर्वांत सुंदर जोडी आहे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. समुद्रातला ‘द’ गुरू, डोंगरांमधला ‘द’ लघु. कोकणात राहणाऱ्याला दोन्ही रोजचे शब्द, पण त्यांचे वजन असे समोरासमोर ठेवलेले मी क्वचितच पाहिले होते.

आणि ही जोडी प्रोग्रॅमला सोडवता येते, कारण आपल्या लिपीने आघात लिहून ठेवला आहे. ‘दर्या’त साधा र, ‘दऱ्या’त नुक्त्याचा ऱ, युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक शेजारशेजारचे, ०९३० आणि ०९३१. एका अंकाच्या फरकात मराठी कान बसलेला आहे. दुसऱ्या एजंटने पुढे दाखवले की हाच अर्धा ऱ दुसऱ्या पद्धतीनेही टाइप होतो, साध्या र आणि हलन्तापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. प्रोग्रॅमला मात्र दुसरा ‘दऱ्या’ समुद्र वाटत होता. डोळ्याला न दिसणारी चूक शोधणारी ही दोन-तीन ओळींची नोंद म्हणजे या कृतीतले उत्तम टीकालेखन आहे.

या मांडणीमागे एक वंश आहे. एजंटांची कोड लिहिण्याची कुवत मोजायला २०२३ मध्ये ‘एसडब्ल्यूई-बेंच’ ही कसोटी तयार झाली: पायथन भाषेतल्या १२ प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या तक्रारी, आणि दुरुस्ती बरोबर की नाही हे ठरवणाऱ्या, त्या प्रकल्पांच्या माणसांनी लिहिलेल्या चाचण्या. त्या वेळच्या सर्वोत्तम मॉडेलला १.९६ टक्के सोडवता आल्या. एजंट पुढे भराभर सुधारले. पण २०२४ मध्ये त्या कसोटीचीच तपासणी करावी लागली. ९३ प्रोग्रॅमरांनी प्रश्न वाचून अस्पष्ट वर्णनांचे आणि अन्यायकारक चाचण्यांचे प्रश्न बाजूला काढले, आणि ५०० प्रश्नांचा पारखलेला संच केला. परीक्षार्थी यंत्र होते, पण परीक्षा न्याय्य आहे का हे माणसांनी ठरवले.

चाचणीच्या पलीकडे सिद्धतेचा रस्ताही आहे, आणि त्यावर महाराष्ट्राचे पाऊल पक्के आहे. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरच्या परंपरेतले ‘वेरिअ‍ॅब्स’ हे साधन दिलेल्या प्रोग्रॅममध्ये विशिष्ट चूक कधीच घडू शकत नाही हे सिद्ध करू पाहते, किंवा घडते ती वाट दाखवते. सॉफ्टवेअर पडताळणीच्या ‘एसव्ही-कॉम्प’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रीचसेफ्टी गटात ते २०२० मध्ये पहिले आले. एखादे आवर्तन किती वेळा फिरेल ते ठाऊक नसले तरी त्याचे अधिक सैल, सोपे प्रतिरूप बनवायचे आणि त्यात चूक नसेल तर मुळातही नाही असे म्हणायचे, ही त्यातली एक मुख्य युक्ती. आज एजंटने लिहिलेला कोड अशा साधनांपुढे उभा करण्याचे प्रयोग सुरू आहेत, आणि तिथे युक्तिवाद चालत नाही.

तरीही सिद्धता कशाची, हा प्रश्न उरतोच. क्रमाने लावलेल्या यादीत नाव शोधताना मधोमध पाहायचे आणि अर्धी यादी सोडून द्यायची, ही द्विभाजनाची रीत पुस्तकांतून बरोबर सिद्ध झालेली होती. २००६ मध्ये प्रोग्रॅमर जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले की जावा भाषेच्या संग्रहातल्या त्या कोडमध्ये वर्षानुवर्षे चूक बसून होती: दोन टोकांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की संख्या ऋण होते. सिद्धतेने आकड्यांना मर्यादा नाही असे गृहीत धरले होते. यंत्राच्या आकड्यांना ती होती.

आपल्या नोंदवहीतला शेवटचा खंड याच जातीच्या गृहीतकाशी येऊन भिडतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचे कवी केशवसुत घ्या, जन्म १८६६. त्यांच्या काळच्या छपाईत उच्चारात नसलेले अनुस्वार भरपूर. पुढे शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी ते काढून टाकले. बहुतेक ठिकाणी ते दीर्घ अक्षरावर असतात, म्हणून वजनात फरक पडत नाही. पण ‘हंसणें’ पाहा. हा आजचा ‘हसणे’. अनुस्वार कागदावर आहे, तोंडात नाही, म्हणून ‘ह’ लघु. आणि ‘हंस’ पक्षी असेल तर ‘हं’ गुरू. एकाच चिन्हाचे दोन भार, आणि निवाडा अर्थावर. इथे लिपी मदतीला येत नाही, उलट दिशाभूल करते.

पहिल्या एजंटने शब्दांची यादी करण्याचा प्रस्ताव मांडला. दुसऱ्याने यादीत नसलेली रूपे पुढे केली. काही फेऱ्यांनंतर नोंदवहीतला सर्वांत परिपक्व निर्णय येतो: जुन्या छपाईचा मजकूर असेल आणि अनुस्वार ऱ्हस्व अक्षरावर असेल, तर प्रोग्रॅम दोन्ही शक्यता देईल, कोणती शक्यता कोणत्या वृत्तात बसते ते दाखवेल, आणि निवड वाचकावर सोडेल. दुसऱ्या खंडातला विजयाचा सूर इथे नाही. मला या कृतीचा उत्कर्षबिंदू हाच वाटतो. आपल्याला काय कळत नाही याची सीमा तिने नेमकी आखली, आणि ती सीमा नम्रतेच्या वाक्यात न ठेवता चालणाऱ्या कोडमध्ये उतरवली.

दोषही सांगायला हवेत. भाषा फुगलेली आहे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी झाल्या कामाचा गौरव आहे. कोडमधल्या टिपा ओळ काय करते ते सांगतात, का करते ते क्वचित. ‘तुझ्या’ आणि ‘सत्य’ यांतला फरक अखेर काही नियम आणि काही अपवाद मिळून निभावला आहे. ‘छंदोरचना’ लिहिणाऱ्या माधव जूलियनांसारख्या अभ्यासकाला आघाताची जी सूक्ष्म समज होती, ती या कोडमध्ये नाही. चांगला गद्यकार आपल्या शब्दयोजनेने ओळखू येतो. हा कोड कोणाचाही असू शकतो.

पण आराखड्यातली नीट विभागणी आणि बाहेरून आलेला नकार, या दोन गोष्टींच्या भेटीत या नोंदवहीचा रस आहे. जिथे एजंटने स्वतः परीक्षा घेतली आणि स्वतः उत्तीर्ण झाला, तिथे वाचण्यासारखे काही घडत नाही. जिथे भुजंगप्रयात, तुझ्या, दऱ्या, हंसणें यांनी त्याला एकामागून एक अडवले, तिथे प्रत्येक वेळी कामाची जात सुधारली. आणि ही अडवणारी मंडळी कुठून आली? ती कोणी तरी ऐकून, म्हणून, हातावर ताल धरून मोजलेली होती. एजंट आराखडा करील, लिहील, दुसरा एजंट ते मोडून पाहील. कोड इतका स्वस्त होईल की त्याची किंमत कोणी विचारणार नाही. ‘तुझ्या’तला ‘तु’ हलका आहे हे ऐकून सांगणारा माणूस मात्र तयार करावा लागतो, आणि त्याला काही वर्षे चरण मोठ्याने म्हणावे लागतात. वर्गात वृत्ते मोठ्याने म्हणणे जुनाट म्हणून सोडून दिले असेल, तर ते पुन्हा सुरू करायला आजच्याइतके व्यवहारी कारण याआधी कधी नव्हते.